कंसातलं कारण

कारणकाकूंपुढे नुसतं ‘बरी आहे’ म्हणून कोणाची सुटका होत नसे. त्या ‘कशी आहेस?’ विचारायच्या, आपण सवयीने ‘बरी’ म्हणायचं, की त्यांची डावी भुवई वर गेलीच. ‘कारण?’ आता बरं असण्याला काय कारण द्यायचं? पण दिल्याशिवाय त्या लिफ्टचं दार बंद होऊ द्यायच्या नाहीत, बटणावर बोट धरून उभ्या. मागे भाजीच्या पिशव्या घेतलेली एखादी चिनी आजी ‘आय्यो’ करून उसासे टाकत असायची. शेवटी मी काहीतरी ठोकून द्यायची, ‘आज पीटीचा तास रद्द झाला म्हणून.’ मग काकू मान हलवायच्या. ‘हां, आता पूर्ण मार्क.’ कारण नसलं की अर्धा मार्क कापला जाई. माझ्या आईच्या शंकरपाळ्यांचे मार्कही त्यांनी कापले होते आणि सिंगापूरच्या हवेचेही.

त्या इथे सेंगकांगला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले खाली राहायच्या. मूळच्या मिरजेच्या. तिथल्या मुलींच्या मराठी शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं भूमिती शिकवली होती. काकांना इथल्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली आणि काकू नोकरी सोडून मागोमाग आल्या. नवऱ्याच्या नोकरीवर आलेल्या बायकोला जो पास मिळतो, त्यावर काम करता येत नाही. म्हणजे बाईंच्या अंगात सगळी शाळा भरलेली आणि समोर एक मूल नाही. घरातही नव्हतं. डॉक्टरांना काही दोष सापडला नव्हता, असं आई एकदा हळू आवाजात म्हणाली होती. वॉशिंग मशीनमध्ये काकांचे शर्ट टाकणं आणि वाळत घालणं, यात त्या बाईचा दिवस जायचा. मला आजही त्याचा राग येतो.

आमची गाठ पडली ती माझ्या गणिताने. मी बारा वर्षांची असताना पुण्याहून इथे आले, आणि बाकी विषयांत कशीबशी तरले तरी गणितात बुडाले. मी पंधरा वर्षांची, पुढच्या वर्षी ओ लेव्हल, म्हणजे इथली दहावी, आणि सहामाहीत मी अशी नापास झाले की शाळेने आई-बाबांना बोलावून घेतलं. गणित सुटलं नाही तर पॉलिटेक्निकला जागा नाही, आणि जागा नाही तर मला पुण्याला चुलत्यांकडे पाठवायचं, असं बाबांनी येता येताच ठरवून टाकलं. आई लिफ्टमध्ये रडायला लागली. दार उघडलं आणि काकू आत आल्या.

‘का हो रडताय?’

‘काही नाही. हिचं गणित.’

‘गणिताचं काय? कारण?’

आईने हुंदके देत देत सांगितलं, की क्लास लावून झाला, क्लेमेंटीहून एक विद्यापीठातला मुलगा येऊन शिकवून गेला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. घडा पालथा आहे का हे त्या तपासत असाव्यात. ‘कोणता भाग येत नाही?’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ‘कोन.’ त्या एवढ्या खूश झाल्या की मला त्यांचा संताप आला. लोकांची मुलं बुडतात आणि ही बाई हसते! ‘उद्या शाळेतून आलीस की थेट खाली ये,’ त्या म्हणाल्या. मग लगेच आवाज खाली आणून, ‘आणि कोणी विचारलं तर सांग, फोडणी शिकायला येते.’

या फोडणीमागे भीती होती. काकू माझ्याकडून एक पै घेणार नव्हत्या, पण फुकट शिकवलं तरी ते काम धरतात की काय, याची त्यांना खात्री नव्हती. विचारायला जावं तर आपण होऊनच नाव नोंदवल्यासारखं होईल. आणि त्यांचा पीआरचा, म्हणजे इथल्या कायमच्या रहिवासाचा अर्ज आत गेलेला होता. तो मंजूर झाला की काकूंना राजरोस काम करता येणार होतं. मिरजेहून आणलेली खडूंची पेटी त्यांनी तूरडाळीच्या डब्याशेजारी ठेवली होती आणि मुलाखतीची साडी इस्त्री करून कपाटात टांगली होती. तोवर डोळ्यांत तेल घालून जपायचं. कंपास पेटी मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून न्यायची.

इथल्या नव्या फ्लॅटमध्ये प्रत्येक घराला एक शेल्टर असतो, जाड भिंतींची, लोखंडी दाराची कोंदट खोली. युद्ध झालं तर त्यात बसायचं; एरवी लोक त्यात बॅगा आणि जुने पंखे कोंबतात. ते दार काकूंचा फळा होता. दाराचा रंग फिकट, त्यावर पांढरा खडू दिसत नसे, म्हणून त्या निळ्या खडूने लिहायच्या. वर एका बाजूला ‘पक्ष’, दुसऱ्या बाजूला ‘साध्य’. पक्ष म्हणजे जे दिलं आहे ते, साध्य म्हणजे जे शोधायचं किंवा सिद्ध करायचं ते. पहिले काही दिवस त्यांनी मला पेन्सिल हातात धरू दिली नाही. आकृतीकडे बघायचं आणि काय दिलंय तेवढंच सांगायचं. मी कंटाळून म्हणाले, ‘काकू, असं इथे कोणी नाही करत. फॉर्म्युला घालायचा, आन्सर काढायचं. कॅन, लाह, चालतं इथे.’

‘काय कॅन? घरात काय आहे ते न बघता चूल पेटवतेस होय? पक्ष सांग आधी.’

त्या शिकवायच्या मराठीत, परीक्षा इंग्रजीत. समांतर रेषा, त्यांना छेदणारी तिरकी छेदिका, मग संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन. गंमत म्हणजे शाळेत दोन वर्षं जे इंग्रजीत डोक्यावरून गेलं, ते मराठीत एका आठवड्यात बसलं. इतकं बसलं, की शाळेच्या चाचणीत घाईत मी कोन बरोबर काढला आणि पुढच्या कंसात देवनागरीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘व्युत्क्रम कोन’. इथे प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहावं लागतं, नाहीतर मार्क जातात. आमच्या सरांनी पेपर उलटा करून पाहिला, मग सुलटा. ‘रेवा, धिस वन वॉट, आह?’ वर्ग हसला. मी रडत घरी आले आणि पेपर काकूंपुढे आपटला. त्यांनी तो कंस वाचला, चष्मा काढला, पदराने डोळे पुसले. ‘मिरजेत तुला दहापैकी दहा मिळाले असते गं,’ म्हणाल्या. त्यानंतर इंग्रजी कारणं त्यांनी माझ्याकडून घोकून घेतली, आणि स्वतःही घोकली.

पण त्यांचा खरा वैरी होता तो माझा डोळा. एका गणितात वर्तुळात त्रिकोण होता. मी धडाधड लिहिलं, हा कोन नव्वद अंश, कारण अर्धवर्तुळातला कोन.

‘ती रेघ व्यास आहे असं कोणी सांगितलं?’

‘मधूनच जातेय की. दिसतंय ना.’

‘दिसतंय! पक्षात दिलंय का?’

दिलेलं नव्हतं. केंद्राचा कुठे पत्ताच नव्हता. काकूंनी पूर्ण मार्क कापले, अर्ध्यावर भागवलं नाही. त्या दिवसापासून त्या आकृत्या मुद्दाम खोट्या काढायला लागल्या. काटकोन असा फताडा काढायच्या की बघवत नसे. समान बाजू काढायच्या त्या एक आखूड, एक लांब. ‘दिसतं म्हणून लिहायचं नाही,’ हे त्यांचं वाक्य मी झोपेतही ऐकायची. इथल्या पेपरातही आकृती प्रमाणात नाही असं छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण! मला त्या दारावरचा त्रिकोण बघून चक्कर यायची, वही फेकावीशी वाटायची, एकदा फेकलीही. काकूंनी ती उचलून माझ्यापुढे ठेवली. ‘फेकण्याचं कारण लिही,’ म्हणाल्या. मी लिहिलं, ‘मला हे कधीच येणार नाही.’ त्यांनी खाली लाल पेनने शेरा मारला: ‘पक्षात दिलेलं नाही.’

त्रिकोणमितीला आम्ही घराबाहेर पडलो. कोनमापकाला दोरा, दोऱ्याला एक जुना नट बांधून त्यांनी यंत्र केलं होतं. ब्लॉकसमोरच्या मैदानात उभं राहून गच्चीचा उन्नत कोन मोजायचा, आपलं इमारतीपासूनचं अंतर फितीने घ्यायचं आणि टॅनने उंची काढायची. मी दोऱ्याखालचा आकडा वाचला, गणित केलं, आणि आमची पंधरा मजल्यांची इमारत चार मजल्यांची निघाली. ‘वरची माणसं कुठे ठेवलीस?’ काकूंनी विचारलं. दोरा उभा लोंबतो, त्यामुळे तो कोन जमिनीशी नसून उभ्या रेषेशी असतो. नव्वदातून वजा करायचा राहिला होता. त्या मला हे समजावत होत्या तेवढ्यात वरच्या मजल्यावरची एक चिनी आजी फिरत फिरत आली. तिने कोनमापकाकडे पाहिलं, गच्चीकडे पाहिलं. ‘वॉट यू टीचिंग, आह?’

‘टीचिंग’ हा शब्द ऐकताच काकूंचा चेहरा पडला. यंत्र गच्चीवर रोखलेलं, नट हेलकावे खातोय, आणि तोंडातून ठरलेलं उत्तर आलं, ‘कुकिंग! कुकिंग ओन्ली!’

आजी हसत हसत निघून गेली. मीही हसून गवतात बसले. काकू मात्र हसल्या नाहीत. घरी येईपर्यंत त्या सारख्या मागे वळून बघत होत्या.

अर्जाचं काय झालं ते काका रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी संगणकावर बघायचे. ‘अजून नाही,’ म्हणायचे आणि बूट घालायचे. काका फार बोलणारे नव्हते. त्यांच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. पीआर मिळाला तर नोकरी गेली तरी इथे राहून दुसरी शोधता येईल, नाही मिळाला आणि नोकरी गेली तर गाशा गुंडाळायचा, असं साधं समीकरण होतं. मी त्यात माझं एक घातलेलं होतं: काकू राहिल्या तर मी पास, गेल्या तर पुणे. हे मी आईलासुद्धा बोलले नव्हते. देवाला सांगितलं होतं, तेही इंग्रजीत, म्हणजे घरात कोणाला ऐकू गेलं तरी प्रार्थना वाटू नये.

परीक्षेआधी थोडेच महिने उरले असताना एका दुपारी मी खाली गेले तर काका घरात होते. टेबलावर लॅपटॉप उघडा. अर्ज नामंजूर.

काकू स्क्रीनसमोर वाकून उभ्या होत्या. ‘पुढे काय लिहिलंय?’

‘पुढे काही नाही. एवढंच.’

‘अहो, पण कारण?’

‘कारण सांगत नाहीत.’

‘सांगत नाहीत म्हणजे? काहीतरी असेलच ना. खाली सरकवा की.’

काकांनी खाली सरकवलं. खाली काही नव्हतं. काकूंनी स्वतः माऊस हातात घेऊन पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं. नाही म्हणायला त्यांची हरकत नव्हती, हे मला त्यांना ओळखत असल्यामुळे कळत होतं. एखाद्याने अर्ध्या पानाचं कारण देऊन नाही म्हटलं असतं तर त्यांनी ते तपासलं असतं, बरोबर असतं तर मान्यही केलं असतं. हे असं पायरीपुढे मोकळं सोडलेलं त्यांना सोसवेना.

त्यांनी पुन्हा विनंती करून पाहिली. बुडत्याला काडीचा आधार. उत्तर तेच आलं, तितकंच लांब.

मग जो तो तो कंस भरायला लागला. काका म्हणाले, माझं वय. बाबा म्हणाले, आपल्याकडचे लोक जास्त झालेत. आई माझ्यासमोर, पण काकूंच्या माघारी, म्हणाली, ‘एखादं मूल असतं तर धरलं असतं हिशेबात.’ काकू म्हणाल्या, ‘ती मैदानातली आजी. तिने सांगितलं असणार.’ आणि मी? मला रात्रंदिवस एकच वाटायचं, की त्या कंसात माझं नाव आहे. मला कोन येत नव्हते म्हणून ही बाई दार लावून, घाबरत घाबरत शिकवत राहिली. कोणी काही म्हणत नव्हतं, म्हणून तर ते जास्त खरं वाटायचं. मी जेवेनाशी झाले. आजी लिफ्टमध्ये भेटली की मी तिच्याकडे असं बघायची, की बिचारी कोपऱ्यात सरकायची.

काकू शिकवायच्या थांबल्या नाहीत. पण एके दिवशी त्यांनी दारावर ‘पक्ष’ लिहिलं आणि निळा खडू धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मी वाट बघत बसले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणखी एक झाली. त्या हलल्या नाहीत. मीच उठून गॅस बंद केला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. ‘आज तूच कर गं,’ त्या म्हणाल्या. मी दारावर गणित सोडवलं, प्रत्येक पायरीपुढे कंस, कंसात कारण. त्यांनी बघितलंही नाही. पहिल्यांदा मला सगळं बरोबर आलं होतं आणि मार्क द्यायला कोणी नव्हतं.

त्यानंतर लगेच काकांचा अख्खा विभागच बंद झाला. पास रद्द. आवराआवरीला जेमतेम वेळ. कपाट विकलं, कपाटात टांगलेली साडी घडी घालून बॅगेत गेली. फ्लॅट भाड्याचा, मालकाच्या ताब्यात द्यायच्या आधी सगळं पुसून लख्ख करायचं होतं. शेवटच्या दुपारी मी गेले तेव्हा काकू ओल्या फडक्याने शेल्टरचं दार पुसत होत्या. निळं पाणी ओघळून फरशीवर येत होतं. मी दुसरं फडकं घेतलं. दोघी पुसत राहिलो.

‘माझंच काहीतरी चुकलं असणार,’ त्या दाराकडे तोंड करूनच म्हणाल्या. ‘नोकरी सोडून यायला नको होतं. नाहीतर इथे आल्यावर गप्प बसायला हवं होतं. कुठेतरी माझंच चुकलं, रेवा. त्याशिवाय का असं होईल?’

मला एकदम राग आला. त्यांचा, दाराचा, सगळ्याचाच. मी फडकं बादलीत टाकलं.

‘काकू, पक्षात दिलंय का?’

त्यांनी वळून पाहिलं.

‘सांगा ना. दिलंय का पक्षात, तुमचं चुकलं म्हणून?’

‘नाही,’ त्या म्हणाल्या.

‘मग?’

‘मग लिहायचं नाही.’

एवढं म्हणून त्या खाली ओल्या फरशीवर बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. मीही बसले. मी त्यांना सांगणार होते, की मलाही वाटतंय माझ्यामुळे झालं, पण आता ते सांगता येईना. स्वतःच्या तोंडाने आत्ताच त्याला फुली मारली होती. उठताना त्यांनी निळ्या खडूचा उरलेला तुकडा माझ्या हातात दिला. विमानतळावर दाराच्या आत गेल्यावर काकूंनी एकदा मागे वळून डावी भुवई वर केली, आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

परीक्षेत वर्तुळाचं गणित आलं. मधून जाणारी रेघ डोळ्यांना अगदी व्यासासारखी दिसत होती. मी पक्ष वाचला. व्यास नव्हता. मी दुसरी वाट धरली. निकालात गणितात ‘बी’ श्रेणी आली. आईने लिफ्टमध्ये पुन्हा रडून घेतलं. मी मिरजेला फोन केला. ‘कारण?’ पलीकडून आलं. मी म्हणाले, ‘तुम्ही.’ ‘अपुरं कारण. अर्धा मार्क,’ त्या म्हणाल्या.

त्यांची शाळेतली जागा भरली गेली होती. काकांना पुष्कळ दिवस नोकरी मिळाली नाही, मग मिळाली ती निम्म्या मानाची. काकूंनी पुन्हा शिकवलं नाही. मी विचारलं की म्हणायच्या, ‘इथे सगळ्या पोरांना क्लास लागलेत गं. म्हातारीचा भूमितीचा हट्ट कोणाला हवाय?’ आणि त्या काही म्हाताऱ्या नव्हत्या. इथून जाताना त्यांच्यातलं काहीतरी त्या दारावरच पुसलं गेलं, असं मला वाटतं. हे मात्र मी पक्षात नसताना लिहिते आहे.

मी पॉलिटेक्निक करून पुढे शिकले आणि आता हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात काम करते. आई-बाबा पुण्याला परतले. मी एकटीनेच पीआरचा अर्ज केला, आशा न ठेवता. गेल्या महिन्यात दुपारी, खिडकीखालून फेरीबोटी सुटत असताना, मी सहज उघडून पाहिलं. मंजूर.

मी खाली सरकवलं. खाली काही नव्हतं.

आईच्याही आधी मी मिरजेला फोन लावला. ‘काकू, मला पीआर मिळाला.’

इतक्या वर्षांच्या सवयीने प्रश्न आला.

‘कारण?’

‘दिलेलं नाही, काकू.’



‘मग तुझाही अर्धा मार्क कापला,’ त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी दोन टोकांना रडत राहिलो.